खानदेशच्या उन्हात टिकणारं लेबल

जुलै महिना, पावसाची उघडीप. सकाळी साडेदहाच्या सुमारास कंट्रोल रूमच्या पडद्यावर एका कंबायनर बॉक्सची अकरावी स्ट्रिंग शून्य अँपिअर दाखवू लागली. स्ट्रिंग म्हणजे एकामागे एक जोडलेल्या पॅनलची साखळी, आणि अशा अनेक साखळ्यांच्या केबली ज्या पेटीत एकत्र येतात तो कंबायनर बॉक्स. धुळे जिल्ह्यातल्या आमच्या सौर प्रकल्पावर हे नवीन नाही. पाणी शिरलेला कनेक्टर, उंदराने कुरतडलेली केबल, उडालेला फ्यूज, यांतलं काहीतरी असतं. मी आणि आमचे वायरमन काका जागेवर गेलो. बॉक्समधला अकरा नंबरचा फ्यूज काढला, तपासला, चांगला होता. म्हणजे दोष पुढे, पॅनलच्या रांगेत. रांगेच्या टोकाला वरच्या आणि खालच्या ओळीच्या दोन स्ट्रिंगच्या केबली एकत्र खाली उतरतात. त्यांतली अकरावी कुठली, हे सांगायला प्रत्येक केबलीवर एक लेबल होतं. चार वर्षांपूर्वी ते पिवळं होतं आणि त्यावर लाल अक्षरं होती. त्या दिवशी दोन्ही लेबलं कोऱ्या कागदासारखी पांढरी होती.

काका म्हणाले, "मॅडम, वरची ओळ विषम, खालची सम. सगळीकडे असंच आहे." त्यांचा हात वरच्या केबलीच्या कनेक्टरकडे गेला. पण कनेक्टर सोडवण्याआधी क्लॅम्प मीटर, म्हणजे केबल न तोडता बाहेरूनच प्रवाह मोजणारा चिमटा, लावायची त्यांची जुनी सवय आहे. मीटरने सहा अँपिअर दाखवले. फ्यूज काढलेल्या केबलीतून सहा अँपिअर वाहणं शक्य नाही. म्हणजे ही बारावी होती. त्या एका रांगेत उभारणीच्या वेळी क्रम उलटा झाला होता आणि ते फक्त त्या लेबलांनाच माहीत होतं.

वाहत्या प्रवाहावर डीसी कनेक्टर ओढला तर काय होतं, हे या कामातल्या माणसांना सांगावं लागत नाही. घरातल्या एसीचा प्रवाह दिशा बदलत सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो, त्यामुळे ठिणगी विझायला वाव मिळतो. पॅनलमधून येणाऱ्या, एकाच दिशेने वाहणाऱ्या डीसीला तो वाव नाही. हजाराच्या वर व्होल्ट असताना दोन टोकांमध्ये पेटलेली ज्योत तशीच ताणली जाते, हातातल्या प्लास्टिकसकट. काकांनी केबल सोडली आणि बांधावर जाऊन पाणी प्यायले. आम्ही दोघेही बराच वेळ काही बोललो नाही.

दुपारी मी वही काढून पहिल्या ब्लॉकमध्ये फिरले. आमच्याकडे १३६ कंबायनर बॉक्स आणि दोन हजारांवर स्ट्रिंग. बाहेरच्या लेबलांपैकी निम्म्याहून अधिक वाचता येत नव्हती. बॉक्सच्या दारावरची धोक्याची सूचना लालची फिकट गुलाबी झालेली, कवटीचं चित्र मात्र ठळक. आणि मग दिसलेली एक गोष्ट मला पुढे वर्षभर उपयोगी पडली. त्याच दाराच्या आतल्या बाजूला त्याच कंत्राटदाराने, त्याच दिवशी, त्याच रिळातलं लेबल चिकटवलं होतं. ते कालच छापल्यासारखं होतं. पिवळं पिवळं, लाल लाल. आतली उष्णता बाहेरच्याइतकीच, चार पावसाळेही तेवढेच. फरक फक्त उन्हाचा.

पुरवठादारांना फोन सुरू केले. "यूव्ही प्रूफ आहे का?" असं विचारलं की प्रत्येक जण हो म्हणतो. एकाने पाच वर्षांची हमी तोंडी दिली, दुसऱ्याने सात. मी विचारलं की ही वर्षं कुठल्या चाचणीवरून काढली, तर तिघांनी विषय बदलला. एकाने मात्र माहितीपत्रक पाठवलं आणि त्याच्याकडून मी शिकले की अशा पत्रकात सगळ्यात महत्त्वाची ओळ सगळ्यात बारीक टायपात असते. "उभ्या पृष्ठभागावर, समशीतोष्ण हवामानात." उभी भिंत आणि आडवी पाटी यांवर पडणारं ऊन सारखं नसतं. युरोपातल्या भिंतीवर सात वर्षं टिकणारं लेबल आमच्या तिरक्या पत्र्यावर मे महिन्यात सात वर्षं टिकेल, असं त्या पत्रकात कुठेच म्हटलेलं नव्हतं.

प्रयोगशाळेतल्या चाचणीचीही तीच गत. ३४० नॅनोमीटरवर जोर असलेल्या अतिनील दिव्याखाली ६० अंशांवर आठ तास, मग ५० अंशांवर चार तास दंव, असं चक्र शेकडो तास फिरवतात. दोन लेबलांत अधिक तगडं कोणतं हे कळायला ती उत्तम आहे. पण दोन हजार तास म्हणजे आमच्याकडची किती वर्षं, असा सरळ गुणाकार तिच्यातून निघत नाही. म्हणून मी एक मागणी लिहून दिली. चाचणीचा अहवाल द्या आणि सोबत दहा नमुने द्या, बाकी मी बघते.

लेबल म्हणजे एक वस्तू नाही, हे त्या काळात डोक्यात पक्कं झालं. वरून खाली पाहिलं तर आधी शाई, मग पातळ फिल्म, मग गोंद, मग ज्यावर चिकटवायचं तो पृष्ठभाग. ऊन या चौघांशी वेगवेगळं वागतं. सूर्याच्या ऊर्जेतला जेमतेम पाच टक्के भाग अतिनील असतो, पण प्लास्टिकच्या लांबलचक साखळ्या तोडायला तेवढा पुरतो. रंगांत आधी जातात ते लाल आणि पिवळे. टिकतो तो काळा, कारण तो बहुतेक वेळा काजळीचा असतो. काजळी म्हणजे निव्वळ कार्बन. प्रकाशाने तिच्यात तोडण्यासारखं काही उरलेलं नसतं. आपल्या जुन्या पोथ्या काजळीच्या शाईने लिहिल्या आणि शेकडो वर्षांनी कागद तपकिरी झाला तरी अक्षर काळंच आहे. आमच्या दारावरची कवटी का टिकली आणि लाल 'धोका' का गेला, याचं उत्तर तेच.

नोव्हेंबरमध्ये मी एक फळी तयार केली. पॅनलच्याच कलाने, दक्षिणेकडे तोंड करून, कुंपणाला बांधली. तिच्यावर आमच्या बॉक्सच्या पावडर कोटिंगचा, म्हणजे भुकटी भाजून चढवलेल्या रंगाच्या पत्र्याचा, एक तुकडा, जस्त चढवलेल्या स्ट्रक्चरचा एक तुकडा आणि एक केबल. या तिन्हींवर प्रत्येक नमुन्याची एकेक प्रत लावली. तशीच दुसरी जोडी ऑफिसच्या कपाटात बंद ठेवली, कारण रंग किती उतरला हे आठवणीवर ठरवता येत नाही, शेजारी ठेवूनच कळतं. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेला फोटो. शिवाय दर महिन्याला पाण्याने भिजवलेल्या फडक्याने पंधरा सेकंद आणि मग पेट्रोलियम स्पिरिटने भिजवलेल्या फडक्याने पंधरा सेकंद घासायचं. विद्युत उपकरणांवरच्या अक्षरांसाठी मानकांत दिलेली ही साधी चाचणी आहे आणि तिला यंत्र लागत नाही. मानकात ती नव्या लेबलावर एकदाच घेतात. मी ती भाजून निघालेल्या लेबलांवर दर महिन्याला घेतली.

सगळ्यात आधी गेलं ते मार्करने लिहिलेलं. बाजारात परमनंट म्हणून मिळणाऱ्या काळ्या मार्करने आमची मुलं केबलीवर नंबर टाकत असत. ते अक्षर फेब्रुवारीत जांभळट झालं आणि एप्रिलमध्ये शोधावं लागलं. काळा दिसला म्हणून तो काजळीचा असतोच असं नाही, पुष्कळ मार्करांत विरघळणारा रंग असतो आणि तो उन्हाला शरण जातो. कुरिअरच्या पाकिटावर असतं तसं उष्णतेने छापलं जाणारं कागदी लेबल मी मुद्दाम लावलं होतं, कारण स्टोअरमधला मुलगा तेच स्वस्त पडतं म्हणून सुचवायचा. मे महिन्यात ते सगळंच करडं झालं. लॅमिनेट केलेल्या कागदाने पावसाळ्यापर्यंत दम धरला, मग एका कडेने पाणी आत गेलं आणि फुगा आला.

साध्या विनाइलचं वागणं बघण्यासारखं होतं. लाल अक्षरं अपेक्षेप्रमाणे फिकटली, पण फिल्मच आक्रसली. कडेने एक-दीड मिलिमीटर चिकट गोंद उघडा पडला आणि त्यावर धूळ बसून लेबलाला काळी चौकट आली. हे विनाइल लाटून पातळ केलेलं असतं आणि त्याच्यात तो ताण राहिलेला असतो. ऊन लागलं की ते आपल्या मूळ आकाराकडे परतू पाहतं. ओतून बनवलेलं विनाइल असं आक्रसत नाही, पण ते महाग. त्यावर अतिनील रोखणारं पारदर्शक लॅमिनेशन घेतलेला नमुना वर्षभर छान राहिला.

माझी सगळ्यात मोठी अपेक्षा पॉलिएस्टरवर होती. त्यावर थर्मल ट्रान्सफर प्रिंटरने, म्हणजे रिबनीवरची शाई उष्णतेने लेबलावर उतरवणाऱ्या प्रिंटरने, रेझिनच्या काळ्या रिबनने छापायचं. रिबनीत मेणाची, मेण-रेझिन मिश्रणाची आणि शुद्ध रेझिनची असे प्रकार येतात. मिश्रणाची रिबन छापताना सुरेख दिसते आणि पुरवठादार हमखास तीच देतो. स्पिरिटच्या फडक्याने तिसऱ्याच महिन्यात तिची अक्षरं पुसट झाली. रेझिनचं अक्षर बाराव्या महिन्यातही हललं नाही. एकच फिल्म, एकच गोंद, फरक फक्त रिबनीचा. खरेदीच्या ऑर्डरवर "पॉलिएस्टर लेबल" एवढंच लिहिलं असतं तर यांतलं कुठलं आलं असतं, कोण सांगणार?

पण पॉलिएस्टरही एका ठिकाणी हरलं. गुळगुळीत जस्ताच्या पत्र्यावर ते घट्ट बसलं, आमच्या बॉक्सच्या खडबडीत पावडर कोटिंगवर मात्र कोपरे उठले. खडबडीत पृष्ठभागावर पातळ गोंद फक्त उंचवट्यांना धरतो, खळग्यांत उतरतच नाही. जाड थराचा अॅक्रिलिक गोंद मागवला तेव्हा हे थांबलं. रबराच्या गोंदाचा एक नमुनाही होता. तो लावताक्षणी असा पकडतो की हाच चांगला वाटावं. मेच्या उन्हाने तो आधी चिकट रबडीसारखा आणि मग ठिसूळ झाला. अॅक्रिलिकचं उलटं आहे. पहिल्या दिवशी थोडा सैल वाटतो आणि पूर्ण पकड यायला दोन-तीन दिवस घेतो. त्या दोन-तीन दिवसांत कुणी नखाने कोपरा उचलून बघितला की लेबल कायमचं गेलं.

धातूच्या पट्ट्या मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या लेझरवाल्याकडून करून घेतल्या. स्टेनलेस स्टीलवर लेझरने काळं अक्षर उमटवलेली पट्टी हातात घेतली तेव्हा शोध संपला असं मला वाटलं. वर्षभरात तिला खरोखर काही झालं नाही. पण दुपारी दोन वाजता फळीसमोर उभी राहिले तेव्हा ती वाचता येईना. चकचकीत पत्र्यावरून ऊन थेट डोळ्यांत येत होतं. अक्षरांशेजारचा मोबाईलने वाचायचा कोडही स्कॅन होईना. मान वाकडी करून, हाताची सावली धरून वाचावं लागत होतं. दोष बहुतेक दुपारीच सापडतात आणि त्या वेळी काकांच्या एका हातात मीटर असतो. जे लेबल त्यांना त्या क्षणी वाचता येत नाही, ते शंभर वर्षं टिकलं तरी माझ्या काय कामाचं?

अॅनोडाइज केलेल्या अॅल्युमिनियमची मॅट पट्टी तिथे सरस ठरली. अॅनोडायझिंगमध्ये पत्र्यावर त्याच्याच ऑक्साइडचा सूक्ष्म छिद्रांचा थर तयार होतो. काळा रंग त्या छिद्रांत उतरवून वरून तोंडं बंद करतात. लेझर तो रंग जाळून टाकतो आणि काळ्यावर पांढरट अक्षर उमटतं. चमक नाही, कोड पटकन वाचला जातो. इथेही एक अट आहे. रंग बाहेरच्या वापराचा हवा आणि छिद्रं नीट बंद केलेली हवीत, नाहीतर तोही उतरतो. माझ्या फळीवरच्या दोन पट्ट्यांपैकी स्वस्तातली वर्षाअखेर विटकरी दिसू लागली होती.

माझ्या आजोळच्या गावात चावडीजवळच्या रोहित्रावर इनॅमलची पाटी आहे. "धोका", "११००० व्होल्ट" आणि कवटी. माझ्या लहानपणापासून ती तशीच लालभडक आहे, एका कोपऱ्यात कुणीतरी दगड मारलाय तेवढाच काळा टवका. इनॅमल म्हणजे पत्र्यावर आठशे अंशांच्या आसपास वितळवलेली काच, आणि रंग त्या काचेतच कोंडलेले. ऊन त्या रंगाला हातच लावू शकत नाही. मी मुख्य फाटकासाठी आणि रोहित्रांच्या आवारासाठी इनॅमलच्या पाट्या मागवल्या. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत धोक्याची सूचना हिंदी किंवा इंग्रजीबरोबर जिल्ह्याच्या भाषेतही असायला हवी असं आहे. आमच्या जुन्या दारांवर मराठी होतीच, पण सगळ्यात बारीक आणि सगळ्यात आधी उडालेली. नव्या पाटीवर मराठी वर आणि सगळ्यात मोठी घेतली. कुंपणाजवळ गुरं चारायला येणाऱ्या माणसाला तीच वाचता येते.

लेबलांच्या या सगळ्या चर्चेत मी एक गोष्ट विसरले होते आणि ती जमिनीवर पडलेली सापडली. दुसऱ्या ब्लॉकमध्ये रांगांखाली फिरताना गवतात बाभळीच्या शेंगांसारखे टॅग विखुरले होते. उचलून पाहिले तर काळ्यावर कोरलेली अक्षरं स्वच्छ. तुटला होता तो टॅग बांधणारा पांढरा नायलॉनचा टाय. बोटाने दाबला की बिस्किटासारखा मोडत होता. काळा टाय घ्यायचा, आणि तोही उन्हासाठीचा म्हणून बनवलेला, हे कळायला एवढं पुरलं. तो काळा असतो काजळीमुळे. पोथीत जे अक्षर राखते तीच काजळी इथे अतिनील किरणं स्वतः शोषून नायलॉनला वाचवते. जिथे थेट ऊन लागतं तिथे आम्ही स्टीलचे टाय वापरले, पण वर प्लास्टिकचं आवरण असलेले, कारण उघड्या पट्टीची धार वाऱ्याने हलून हलून केबलीचं इन्सुलेशन कापते. कोकणात किनाऱ्याजवळ काम करणाऱ्या एका सहकाऱ्याने बजावलं की तिथे ३०४ दर्जाचं स्टेनलेस स्टील घेऊ नका, खारा वारा त्याला डाग पाडतो, ३१६ दर्जाचंच घ्या. आमच्याकडच्या कोरड्या हवेत ३०४ पुरलं.

पट्ट्या बसवताना एका मुलाने बॉक्सच्या दारावर रिव्हेटसाठी ड्रिल लावलं तेव्हा मी ओरडलेच. धूळ-पाण्यापासून बॉक्स आयपी ६५ दर्जाचा बंदिस्त आहे तो त्याला भोकं नाहीत म्हणून. चार भोकं पडली की पहिल्या पावसात आत पाणी. म्हणून दारावर जाड गोंदाचं पॉलिएस्टर, रेझिनची काळी अक्षरं, वर लॅमिनेशन. रिव्हेटच्या अॅल्युमिनियम पट्ट्या फक्त स्ट्रक्चरच्या खांबांवर. स्ट्रिंगच्या केबलीला काळा टॅग, काळा टाय.

कुठे लावायचं यावरून काकांनी एक साधी गोष्ट सुचवली. "दक्षिणेकडून कशाला लावता, खांबाच्या उत्तरेला लावा ना." बरोबर होतं. उत्तरेकडच्या बाजूला वर्षभरातलं बहुतेक ऊन लागतच नाही. अगदीच नाही असंही नाही. धुळ्याचं अक्षांश २१ अंशांच्या आसपास. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो आणि तिथून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. पण तोवर पाऊस आणि ढग येतात. आम्ही खांबावरच्या पट्ट्या उत्तरेला घेतल्या, केबलींचे टॅग पॅनलच्या सावलीत सरकवले आणि प्रत्येक दाराच्या आत त्या बॉक्सचा पूर्ण नकाशा लावला, स्ट्रिंगनिहाय, कुठली वरची आणि कुठली खालची.

चिकटवण्याचं काम आम्ही सकाळीच करतो, साडेसहा ते नऊ. दुपारी बॉक्सचा पत्रा मी मोजला तेव्हा ६८ अंश होता. त्यावर लेबल नीट बसत नाही, हातही टिकत नाही. पहाटेचं दंव आधी कोरडं करायचं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने एकाच दिशेने पुसायचं, मागेपुढे नाही, नाहीतर धुळीचा लेप फक्त पसरतो. हातमोजे घालायचे, मधून कडेकडे रबरी पट्टीने दाबत जायचं. कोपरे छापतानाच गोल कापून घेतो, टोकदार कोपरा वाऱ्याला आधी सापडतो. आणि पॅनल धुणाऱ्या गटाला निरोप, या रांगेला तीन दिवस ब्रश नको.

एकूण खर्च जुन्या लेबलांच्या चौपट झाला. मंजुरीच्या बैठकीत तो आकडा वाचल्यावर थोडी शांतता झाली. मी त्या जुलैच्या सकाळची नोंद वाचून दाखवली. क्लॅम्प मीटरचा आकडा, फ्यूजचा नंबर, आणि बारावी स्ट्रिंग. मंजुरी त्याच दिवशी मिळाली.

दोन ब्लॉक पूर्ण झाले आहेत. उलट क्रमाच्या आणखी तीन रांगा या कामात सापडल्या, त्या नकाशात लाल खुणेने दाखवल्या आहेत. फळी अजून कुंपणालाच आहे. दुसऱ्या उन्हाळ्यात लॅमिनेशनच्या कडा काय करतात ते मला बघायचं आहे, आणि लेझरवाल्याने पाठवलेल्या मॅट केलेल्या स्टीलच्या दोन पट्ट्याही तिच्यावर चढल्या आहेत. तिसऱ्या ब्लॉकचे सातशे टॅग कालच आले. मृगाच्या आधी ते बांधून व्हायला हवेत. उद्या सकाळी सव्वासहाला काका गाडीशी थांबतील.